नेजाती होजांचा नवसाचा दगड

तुर्कस्तानातल्या आमच्या सेल्चुक गावात थापाड्यांच्या दोन जाती आहेत. एक नुसतेच थापाडे, आणि दुसरे गळ्यात गाईडचं ओळखपत्र घातलेले. नेजाती होजा दुसऱ्या जातीतले, आणि त्या जातीत त्यांचा नंबर पहिला. होजा म्हणजे गुरुजी. शाळेत त्यांनी एक दिवस शिकवलं नाही. एकतीस वर्षं एफेसच्या पडक्या शहरातून परदेशी माणसं फिरवली, तेवढ्यावर गाव त्यांना होजा म्हणायला लागलं. मी वेली, त्यांच्या मिनीबसचा ड्रायव्हर. त्यातली अठरा वर्षं मी त्यांच्या थापा पुढच्या सीटवर बसून ऐकल्या आहेत, त्यामुळे मला थोडं इंग्रजी येतं आणि इतिहास अजिबात येत नाही.

आमचा धंदा अर्ध्या दिवसाचा. सकाळी कुशादासीच्या बंदरातून जहाजावरची माणसं उचलायची, डोंगरावर मेरी आईच्या घरी न्यायची, तिथून खाली आणून वरच्या दरवाजाने एफेसमध्ये सोडायची, खालच्या दरवाजाशी गोळा करायची, चामड्याच्या दुकानात सफरचंदाचा चहा पाजायचा आणि जहाजाचा भोंगा व्हायच्या आत बंदरावर परत. रोमन लोकांची सगळी कारकीर्द आणि येशूची आई, दोन्ही दुपारच्या जेवणाआधी. त्यातही पाऊण तास जातो लघवीच्या रांगेत.

होजांचं एक तत्त्व होतं. माणूस इतक्या लांबून येतो तो काही ऐकायला येत नाही, ठाऊक असलेलं पुन्हा ऐकायला येतो. म्हणून जर्मनांना ते पाण्याच्या नळांच्या गोष्टी सांगायचे, इटलीवाल्यांना सांगायचे की हे सगळं मुळात तुमचंच, आणि अमेरिकनांना ग्रंथालयातून वेश्यागृहाकडे जाणारं भुयार दाखवायचे. भुयार नव्हतंच. होजा एका भिंतीकडे बोट दाखवायचे आणि डोळा मिचकावायचे, बाकीचं भुयार ते लोक स्वतः खणायचे. मेरी आईच्या घरापाशी मात्र ते फारसं बोलत नसत. तिथे ख्रिस्ती जोगिणी असतात, शांतता पाळा अशी पाटी असते, आणि होजा म्हणायचे, "वेली, आईच्या घरात थाप मारवत नाही. तिला सगळं आधीच कळतं."

त्यांची सगळ्यात मोठी थाप म्हणजे तो दगड.

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची, माझ्या आधीची. रोमन लोकांचा सार्वजनिक संडास एफेसमध्ये अजून धड उभा आहे. संगमरवरी बाक, त्याला ओळीने भोकं, शेजारी शेजारी बसायची सोय. प्रवाशांना ग्रंथालयापेक्षा तोच जास्त आवडतो. थंडीत मालकाआधी गुलाम बसून संगमरवर ऊबदार करून ठेवायचे, हे वाक्य होजांनी टाकलं की माणसं फोटोला तुटून पडतात. त्या दिवशी अर्धी माणसं हल्लीच्या संडासाच्या रांगेत अडकली होती आणि उरलेली उन्हात कंटाळली होती. होजांना दहा मिनिटं भरून काढायची होती. रस्त्याच्या कडेला गवतात एक भोक पडलेला संगमरवरी तुकडा उभा रुतलेला होता. इस्तंबूलला आयासोफिया मशिदीत एक भोकाचा खांब आहे, त्यात अंगठा फिरवून लोक मागणं मागतात. इस्तंबूलला आहे, मग आमच्याकडे का नको? होजांनी तुकड्यावर हात ठेवला आणि सांगून टाकलं की हा आयांचा दगड. आईने भोकात कोपरापर्यंत हात घालून लेकराचं नाव घेतलं की लांब गेलेलं लेकरू घरी येतं.

एका म्हातारीने रडत हात घातला. तिथून ते प्रकरण होजांच्या हातात राहिलं नाही.

वर्षभरात दुसरे गाईड तिथे थांबायला लागले. स्पॅनिश बोलणाऱ्या गटांची गाईड गुल्तेन हानिम, म्हणजे गुल्तेनबाई, फार हुशार, तिने डावाच हात आणि नाव तीनदा, अशी भर घातली. दगड हातांनी गुळगुळीत झाला. पहारेकऱ्याने रांगेसाठी दोरी बांधली. मग आपल्याच बाया यायला लागल्या, आयदिनहून, मनिसाहून, पोरगा सैन्यात गेलेल्या, पोरगी जर्मनीत दिलेल्या. भोवतीच्या झुडपाला लाल दोरे. होजांनी एकदा एका बाईला हळूच विचारलं, "ताई, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" तिने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की जणू हा माणूस धर्म बुडवायला आलाय. "माझ्या आजीपासून चालत आलंय," ती म्हणाली. होजांनी मान खाली घातली आणि त्यातही त्यांना थोडा अभिमान वाटला, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

आता त्यांच्या घरच्यांची ओळख. मेलाहात आब्ला, त्यांची बायको. आब्ला म्हणजे मोठी बहीण, आणि सगळी गल्ली तिला तसंच म्हणते, कारण म्हटलं नाही तर ती रागावते. गोड बाई, पण स्वच्छतेचं वेड. लिंबं साबणाने धुते. तिच्या दारात चपला काढून उभं राहिलं की सलामाआधी प्रश्न येतो, "हात धुतलेस?" धुतले असले तरी ती लिंबाच्या कोलोनची, म्हणजे आमच्याकडे पाहुण्यांच्या हातावर घालतात त्या वासाच्या स्पिरिटची, बाटली आणून तळहातावर धार सोडते. एकदा मुफ्ती घरी आले होते, त्यांनाही सोडलं नव्हतं.

आणि मुलगा तुंजाय. एकुलता. लहानपणापासून बापाच्या मागे एफेसमध्ये फिरलेला; त्यामुळे दोनपैकी एकच होऊ शकत होतं, गाईड नाहीतर चिडलेला माणूस. त्याने इझ्मिरला जाऊन उत्खननाचं शिक्षण घेतलं आणि चिडलेला माणूस झाला. अडीच वर्षांपूर्वी तो घरी आला तो मोजपट्टी, फोटो आणि एक कागद घेऊन. आब्ला बाजारात गेली होती. मी होजांकडे मिनीबसची किल्ली द्यायला गेलो आणि अडकलो.

"बाबा, हे बघ," तुंजाय म्हणाला, "तुझ्या आयांच्या दगडाची कड संडासातल्या तुटलेल्या बाकाशी बोटभरही चुकत नाही. भोकाचं मापही तेच. बायका कशात हात घालतात, कळतंय तुला?"

"हळू बोल."

"एवढंच? हळू बोल?"

"त्याच दगडाने तुला शिकवलं," होजा म्हणाले. "तुझी ती मोजपट्टीसुद्धा त्यातूनच आलीय."

"मग एकदा लोकांसमोर तोंडाने सांग, तो काय आहे ते. ज्या दिवशी सांगशील त्या दिवशी मी घरी येईन."

दोघंही हट्टी. तुंजाय पार पूर्वेला, वानच्या सरोवराकडच्या उत्खननावर गेला, आणि ईद आली तरी आला नाही. आब्लाला दोघांनी मिळून काहीतरीच सांगितलं, की पोराला बापाचा धंदा कमी वाटतो, म्हणून रुसलाय. खरं सांगायची दोघांचीही छाती झाली नाही. ती रोज फोन करायची. ती बोलत असताना होजा दुसऱ्या खोलीत टीव्हीवर हवामान बघायचे, आणि आवाज बंद ठेवायचे. वानला किती अंश तापमान आहे, हे सेल्चुकमध्ये त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

"एक वाक्य आहे, होजा," मी एकदा म्हटलं. "बोलून टाका."

"एक वाक्य कसलं, वेली? बावीस वर्षं आहेत. त्या बायांना काय सांगू? तुमचे पोरगे आले, पण चुकून आले?"

मी हॉर्न वाजवला.

यंदा मे महिन्यात, कुर्बानीच्या ईदला तीन आठवडे राहिले असताना, आब्ला सकाळीच मिनीबसच्या दाराशी उभी. पांढरा रुमाल, चांगला कोट, हातात मोठी पर्स.

"मी पण येणार," ती म्हणाली.

"कुठे?" होजा.

"जिथे सगळं जग येतं तिथे. एकतीस वर्षांत बायकोला एकदा तरी नेलंस का? मला त्या दगडाला हात लावायचाय. ईदला माझं पोर घरी पाहिजे."

होजांचा चेहरा पडला. "अगं, ते प्रवाशांसाठी..."

"शेजारची हाजेर गेली, तिचा मुलगा हॉलंडहून आला. मी काय आई नाही?"

मी किल्ली फिरवली. अशा वेळी इंजिन चालू असलेलं बरं.

त्या दिवशी सोळा माणसं होती. त्यातली दोन सांगण्यासारखी. एक टोपीवाला अमेरिकन दातांचा डॉक्टर, जो प्रत्येक मूर्तीचं तोंड बघायचा. आणि एक उंच डच बाई, निवृत्त शिक्षिका, जी होजांचा शब्द न शब्द वहीत उतरवत होती. भुयाराचं तर तिने चित्रही काढलं होतं.

डोंगरावर मेरी आईच्या घराशी आब्ला रांगेत उभी राहून आत जाऊन आली, आपल्या पद्धतीने हात पसरून दुआ मागितली, खालच्या झऱ्याचं पाणी प्यायली. नळाला तोंड लावण्याआधी तो रुमालाने पुसला. तिथली भिंत तुम्ही पाहिली नसेल. कागद, चिंध्या, रुमाल, काय मिळेल ते बांधून लोक मागणं मागतात. होजांना आशा वाटली. त्यांनी खिशातून कोरा कागद काढला.

"हे घे, मेलाहात. इथे बांध. सगळे बांधतात. मग खालचं राहू दे, उन्हाचं कशाला?"

"मेरी आईला काय लिहून द्यायचं?" आब्ला म्हणाली. "ती स्वतः आई आहे, तिला कळतं. माझं काम तुझ्या दगडापाशी आहे."

एरवी मी वरच्या दरवाजाशी माणसं सोडून गाडी खाली नेतो. पण आब्लाचा गुडघा दुखरा आणि एफेसचा संगमरवर निसरडा, म्हणून गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हवाली करून तिचा हात धरायला मी बरोबर निघालो. म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. कोणी सांगितलेलं नाही.

होजा त्या दिवशी भलतेच बोलत होते. प्रत्येक खांबाशी थांबत होते. जिथे कधी थांबत नाहीत तिथे मांजरांवर बोलले. बहुतेक दगडापाशी पोचायच्या आत जहाजाची वेळ व्हावी अशी त्यांची इच्छा असावी. पण रस्ता उताराचा आहे आणि तो शेवटी दगडापाशीच येतो. रांगेत चार-पाच बाया होत्या, मागे गुल्तेन हानिम आपला गट घेऊन उभी. होजांनी गटाला नेहमीची गोष्ट सांगितली, पण आवाज असा, की जणू दुसऱ्याच्या घरची बातमी वाचतायत. डच बाईने सगळं लिहून घेतलं.

आब्लाने कोटाची बाही वर केली. ज्या बाईला ट्रेनच्या दांड्याला हात लावताना रुमाल लागतो, तिने त्या भोकात हात घातला, कोपरापर्यंत, गाल संगमरवराला टेकवला आणि डोळे मिटले.

"तुंजाय," ती म्हणाली. "तुंजाय."

तिसऱ्यांदा नाव घ्यायच्या आत होजा पुढे झाले. "मेलाहात, हात काढ."

"मागणं संपलं नाही अजून."

"काढ म्हणतो ना. तो दगड... तो नवसाचा नाही."

तिने डोळे उघडले, हात नाही काढला. "मग कसला आहे?"

"संडासाचा," होजा हळूच म्हणाले. "पलीकडच्या बाकाचा तुकडा आहे. मीच बनवली ती गोष्ट. पोर त्याच्यावरूनच गेलं."

"मला कानात काय सांगतोस? यांना एक सांगितलंस, मला दुसरं. खरं कुठलं ते यांच्या समोर सांग, म्हणजे मी हात काढते."

होजांनी गटाकडे पाहिलं. गुल्तेन हानिमने मान जोरात हलवली, नको म्हणून. त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र हाताने धरलं, एकतीस वर्षांत पहिल्यांदा, आणि इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. हा दगड संडासाचा तुकडा आहे. आयांची गोष्ट माझी आहे, रोमनांची नाही. बावीस वर्षं मी खोटं सांगतोय. एवढ्यावर थांबायचं, तर बांध फुटल्यासारखं तेही सांगितलं, की भुयार नाही.

मग दातांचा डॉक्टर मोठ्याने हसला आणि टाळ्या वाजवायला लागला. बाकीचेही हसले. असा विनोदी गाईड त्यांना कुठेच मिळाला नव्हता. डच बाईने वहीतली सगळी पानं वाचून पाहिली, होजांकडे पाहिलं, आणि वही मिटली. खोडलं मात्र काहीच नाही. रांगेतली मनिसाची बाई म्हणाली, "बाजूला व्हा भाऊ, आमचा नंबर आहे." ती पुढे झाली तसा आब्लाने हात काढला.

आणि आब्लाने पर्स उघडली. पर्समध्ये कोलोनची अख्खी बाटली होती. घरातली मोठी, दिवाणखान्याच्या शेल्फावरची. तिने ती उघडून हातावर ओतली, बोटांपासून कोपरापर्यंत, पुन्हा बोटांपर्यंत, अर्धी संपेपर्यंत.

होजा बघत राहिले. नवसाला येताना कोलोनची एवढी बाटली कोण आणतं?

"तुला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"दोन वर्षं," आब्ला म्हणाली. "पोर आईशी किती दिवस खोटं बोलणार? तो काही गाईड नाही."

"मग हात का घातलास? तूसुद्धा? त्यात?"

"पोर घरी यायला तुझ्या तोंडून एक वाक्य हवं होतं. ते बाहेर काढायला दुसरा रस्ता सापडला नाही." तिने बाटलीचं झाकण लावलं. "किती घाण वाटलं मला, नेजाती. तुला कळणार नाही."

होजांना कळलं. ते तिथेच, रोमन रस्त्यावर, सोळा माणसांसमोर रडले, आणि मीही रडलो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आब्लाने फोन लावला. "तुझ्या बापाने सांगितलं. सगळ्यांसमोर. दातांचा डॉक्टर साक्षीला आहे. घे, बोल." तिने फोन होजांच्या कानाला धरला. तुंजायचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता.

"बाबा? खरंच बोललास?"

"बोललो. कोणी विश्वास ठेवला नाही."

पलीकडे तुंजाय हसला. "ईदला येतो," म्हणाला.

हे इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण दोरीच्या पलीकडे गुल्तेन हानिम उभी होती. तिने त्यातलं सोयीचं तेवढंच उचललं, की गाईडच्या स्वतःच्या बायकोने हात घातला, पोराचं नाव घेतलं आणि पाच मिनिटांत पोराचा फोन आला. त्याच दिवशी तिच्या गटाने ते ऐकलं, आठवड्याभरात सगळ्या गटांनी. रांग दुप्पट झाली. होजा आता रोज खरं सांगतात, आणि रोज माणसं पोट धरून हसतात आणि रांगेत उभी राहतात. इतकं हसू त्यांच्या खोट्याला कधी मिळालं नव्हतं.

ईदच्या आदल्या दिवशी तुंजायची बस सकाळी आठला यायची होती. नऊ वाजले, दहा वाजले, बस नाही, आणि पोराचा फोन बंद. आब्ला खिडकीत. होजा माझ्या गाडीजवळ आले आणि आत बसले. त्या दिवशी गट नव्हता. गाडी एफेसला गेली. आत जाऊन ते वीस मिनिटांत परत आले.

"वेली," ते म्हणाले, "हे कोणाला सांगायचं नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. डाव्या हाताची बाही कोपराच्या वर गुंडाळलेली, उजवीची बटणं नीट लावलेली. मी सांगणार नाही असं म्हटलं, आणि माझ्या परीने इतके दिवस पाळलं.

परत आलो तर दारात तुंजाय. बस कोन्या शहराच्या अलीकडे बंद पडली होती, फोनची बॅटरी गेली होती, एवढंच झालं होतं. काळवंडला होता, वाळला होता. बापाला बघून त्याने बॅग खाली टाकली आणि ईदला आपल्याकडे करतात तसं हाताचं चुंबन घेऊन तो कपाळाला लावायला वाकला. होजांनी गडबडीत पुढे केला तो डावा हात.

"थांब," आब्ला म्हणाली.

तिने होजांच्या बाहीकडे पाहिलं, मग होजांकडे. शेल्फावरून कोलोनची नवी बाटली आणली, झाकण काढलं आणि नवऱ्याच्या हातावर कोपरापासून बोटांपर्यंत ओतली, सगळी, शेवटच्या थेंबापर्यंत. होजा चोरासारखे उभे. तुंजाय वाकलेलाच, आळीपाळीने दोघांकडे बघत.

"हं," ती पोराला म्हणाली, "आता घे हात."

यंदा त्यांच्याकडे ईदला आलेल्या पाहुण्यांना कोलोन मिळालं नाही. सगळ्यांना मोरीवर जाऊन साबणाने हात धुवावे लागले.